पानिपत आधी, कुंजपुरा नंतर : दप्तरातला सचिव आणि संगणकातला लिंटर

१/ १४ जानेवारी १७६१ ही तारीख महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही पाठ असते. तरीही आम्ही सिद्ध केलेल्या एका पत्रसूचीत पानिपतचा पराभव आधी आणि कुंजपुऱ्याचा विजय नंतर, असा क्रम लागला होता. कित्येक आठवडे तो कोणाच्याही ध्यानात आला नाही. संगणक मात्र दररोज ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ असाच निर्वाळा देत होता. आजचा धागा त्या चुकीविषयी आणि ती पकडून देणाऱ्या एका जुन्या शिस्तीविषयी. #मराठी #इतिहास #धागा

२/ पार्श्वभूमी अशी. मी छत्रपती संभाजीनगरात इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेते. माझा एक शाळासोबती याच शहरात संगणक अभियंता आहे. छापील साधनग्रंथांतील पेशवेकालीन पत्रांची कालानुक्रमे सूची करावी, असे आम्ही दोघांनी ठरवले. पत्रे वाचून तिथीमिती टिपणे माझ्याकडे आणि सूचीची आज्ञावली लिहिणे त्याच्याकडे, अशी वाटणी झाली. पुढे आज्ञावलीच्या चाचण्या लिहिण्यास मीही हातभार लावला. चूक तेथेच शिरली.

३/ चूक समजून घेण्यासाठी प्रथम कालगणना पाहू. मराठी कागदपत्रांत अनेकदा शुहूर सन आढळतो. त्यालाच अरबी सन किंवा मृगसाल असेही म्हणतात. हिजरी ७४५ म्हणजे इ.स. १३४४ या सुमारास तो दख्खनमध्ये रूढ झाला, असे सामान्यतः मानले जाते. हिजरी वर्ष चांद्र, तर शुहूर वर्ष सौर. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, शुहूर वर्ष पालटते. शेतसारा पिकावर अवलंबून असल्याने दप्तराला ऋतूंशी जुळणारे वर्ष हवे होते.

४/ या सनाचा आकडा अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत आणि तोही एककापासून आरंभून. इहिदे म्हणजे १, खमस ५, सबा ७, समान ८. सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०. मया १०० आणि अलफ १०००. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ याची बेरीज होते १ + ६० + १०० + १००० = ११६१. ‘सबा’ आणि ‘सबैन’, ‘समान’ आणि ‘समानीन’ ही जोडनावे मोडीच्या धावत्या वळणात किती घोटाळा करतात, हे मोडी शिकणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको.

५/ आता इसवी सन कसा काढावा? वर्ष मृगाच्या आरंभी पालटते. इसवी सन मात्र १ जानेवारीस. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रासाठी शुहूर सनात ५९९ मिळवावे आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या पत्रासाठी ६०० मिळवावे. एका वर्षाला दोन सूत्रे लागतात. आमच्या आज्ञावलीत मात्र एकच सूत्र होते : सरसकट ५९९.

६/ परिणाम पाहा. भाऊसाहेबांच्या सैन्याने कुंजपुरा घेतला ऑक्टोबर १७६० मध्ये. शुहूर सन ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. उत्तर बरोबर. पानिपत जानेवारीतले, सन तोच ११६१. त्यातही ५९९ मिळवले की पुन्हा १७६०. म्हणजे जानेवारी १७६० मध्ये सैन्य पानिपतावर हरले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने कुंजपुरा जिंकला!

७/ ही चूक एकट्या पानिपताची नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी झाले. शुहूर सन समानीन व अलफ, म्हणजे १०८०. सरसकट सूत्राने ते १६७९ मध्ये जाते. शालिवाहन शकालाही असाच सांधा आहे. तेथे चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. जेधे शकावलीतील महाराजांची जन्मतिथी शक १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. त्यात ७९ मिळवले तर १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस येतो. ७८ मिळवले तर आपण वर्षभर मागे पडतो. वर्षाच्या सांध्यावरच्या तारखा अशा असतात.

८/ मग चाचण्यांनी ही चूक का पकडली नाही? संगणकाच्या जगात चाचणी म्हणजे आज्ञावलीस विचारलेला, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न. ‘खमस सबैन व अलफ, ज्येष्ठातील राज्याभिषेक : कोणते वर्ष?’ उत्तर १६७४ आले पाहिजे. आले तर हिरवी खूण, न आल्यास लाल. असे प्रश्न एकदा लिहून ठेवले की प्रत्येक बदलानंतर संगणक ते स्वतःच विचारतो. १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटास जाताना विमानात ‘जेयूनिट’ची सुरुवात केली आणि पुढे ही पद्धत जगभर रुळली.

९/ आमच्या चाचण्यांची अवस्था मात्र दोन कारकुनांनी दोन रीतींनी लिहिलेल्या वहीसारखी होती. मित्राने त्यांना ‘चाचणी १’, ‘चाचणी २’ अशी नावे दिली होती. मी ‘पानिपत’ यासारखी. त्याच्या चाचणीत अपेक्षित उत्तर शेवटच्या ओळीत असे. माझ्यात कधी आरंभी, कधी मध्ये. एका चाचणीत एक प्रश्न, तर दुसरीत सात. अशा गर्दीत काय लिहिले आहे हे जेमतेम दिसे. काय लिहावयाचे राहिले, हे दिसणे शक्यच नव्हते.

१०/ आणि एक गोष्ट खरोखरच राहिली होती. ‘पानिपत’ नावाची चाचणी मी लिहिली, तीत सन आणि महिना दिला, आज्ञावलीस उत्तर काढावयास लावले. पण ते उत्तर १७६१ शी ताडून पाहणारी ओळच लिहिली नाही. जंत्रीत एकदा खात्री करून मग लिहू, असे म्हटले आणि विसरले. पडताळणीची ओळच नसल्याने ती चाचणी अनुत्तीर्ण होणे अशक्य होते. उरलेल्या सर्व चाचण्या योगायोगाने जून ते डिसेंबर या काळातील होत्या. सगळीकडे हिरव्या खुणा.

११/ येथे लिंटर प्रवेश करतो. १९७८ साली बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतील आज्ञावल्या तपासणाऱ्या एका उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘लिंट’. इंग्रजीत हा शब्द कापडावरच्या बारीक तंतूंना, सुताच्या कसपटांना लावतात. आज्ञावली प्रत्यक्ष चालवून न पाहता, तिचा मजकूर वाचूनच संशयास्पद जागा दाखवणे हे त्याचे काम. या जातीच्या साऱ्या उपकरणांना पुढे लिंटर हेच नाव पडले. जावास्क्रिप्टसाठी निकोलस झाकास यांनी २०१३ साली सुरू केलेले ‘ईएसलिंट’ त्यांतील आज सर्वपरिचित.

१२/ आरंभी लिंटर मुख्य आज्ञावलीच वाचत असे. चाचण्यांची संख्या वाढली तसा प्रश्न उभा राहिला : तपासणाऱ्याला कोण तपासणार? मग खास चाचण्यांसाठीचे नियम आले. प्रत्येक चाचणीत पडताळणीचे निदान एक विधान हवे. दोन चाचण्यांना एकच नाव नको. ‘तूर्त एवढीच चालव’ अशी खूण चुकून मागे राहू नये, कारण मग बाकीच्या चाचण्या निमूटपणे वगळल्या जातात. पडताळणी ‘जर–तर’च्या फांदीत दडवू नये, ती फांदी कधी चाललीच नाही तर पडताळणीही होत नाही. आणि सर्व नावे एकाच घाटाची असावीत.

१३/ हे वाचून इतिहासाच्या विद्यार्थ्यास काही आठवले पाहिजे. आमच्या शहरापासून १५ किलोमीटरच्या आसपास देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तेथील यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या पदरी हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, श्रीकरणाधिप होता. राज्याच्या लेखनकार्यालयाचा तो प्रमुख. मोडी लिपी त्याने लंकेहून आणली ही आख्यायिका विद्वान स्वीकारीत नाहीत. परंतु कारकुनी लेखन कसे करावे हे सांगणारी मेस्तके त्याच्या नावाने शतकानुशतके चालत आली, हे खरे.

१४/ मेस्तक म्हणजे कारकुनाची नियमपुस्तिका. वडिलांस कसे लिहावे, बरोबरीच्यास कसे, कनिष्ठास कसे. मायना कोणता, समारोप कोणता, हिशेब कोणत्या क्रमाने मांडावा. गुजरातेत याच प्रकारचा ‘लेखपद्धति’ हा संस्कृत नमुनासंग्रह सिद्ध झाला. आज कोणास हा निव्वळ शिष्टाचार वाटेल. पण शेकडो कारकून वेगवेगळ्या परगण्यांतून लिहीत असता एका मुख्य कचेरीस ते सर्व कागद वाचावयाचे, तर प्रत्येक गोष्ट ठरल्या जागी असणे ही सोय नसून गरज होती.

१५/ शिवकाळात ही व्यवस्था अधिक रेखीव झाली. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांची कामे ठरली. त्यांत सचिवाकडे, म्हणजे पूर्वीच्या सुरनिसाकडे, राजपत्रे तपासण्याचे काम होते. मजकुरात एखादे अक्षर अधिक वा उणे झाले असल्यास ते शोधून शुद्ध करावे, अशी त्याची जबाबदारी. या पदावर तेव्हा अण्णाजी दत्तो होते. चिटणिसाने पत्र लिहावे आणि सचिवाने ते पाहावे. लिहिणारा आणि तपासणारा निरनिराळे, हे तत्त्व तेव्हाही ठाऊक होते.

१६/ कागदाच्या बांधणीतही हीच दक्षता दिसते. राजमुद्रा मस्तकी. मजकूर संपताच त्याला लागून मर्यादा मुद्रा, म्हणजे पुढे कोणी ओळ घुसडू नये. तिलाच मोर्तब म्हणत. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आजही आपल्या बोलण्यात आहे. कागदाचे तुकडे चिकटवून पत्र लांबवले असेल, तर पाठीमागे सांध्यावर शिक्का. मग दप्तरी नोंदीचे शेरे. यातील एकही खूण जागेवर नसेल, तर अनुभवी डोळा मजकूर वाचण्याआधीच थबकतो.

१७/ शैलीच्या एकरूपतेचे मर्म येथे आहे. सर्व कागद एकाच घाटाचे असले की त्यांतील उणीव डोळ्यांस खुपते. मोर्तब असलेल्या शंभर पत्रांत मोर्तब नसलेले एक पत्र तत्काळ ओळखू येते. प्रत्येक पत्राची रीत निराळी असेल, तर काहीच विपरीत दिसत नाही, कारण सगळेच विपरीत असते. आमच्या चाचण्यांचे नेमके हेच झाले होते.

१८/ परिसंवादासाठी निबंध लिहिताना मी सूची उघडली आणि कुंजपुऱ्याच्या वर पानिपत पाहून चमकले. मित्रास कळवले. सूत्र लगेच दुरुस्त करण्याऐवजी त्याने निराळे पाऊल उचलले. तो म्हणाला, ‘सूत्र चुकले हे तू पाहिलेस म्हणून कळले. चाचण्यांना का कळले नाही, ते आधी पाहू.’ त्याने चाचण्यांसाठी लिंटर बसवला, पाच नियम लावले आणि चालवला. इशाऱ्यांची लांबलचक यादी आली. बहुतेक नावांच्या घाटाविषयी. मधोमध एक ओळ : या चाचणीत काहीही पडताळलेले नाही. चाचणीचे नाव, पानिपत.

१९/ मी ती एक ओळ लिहिली : अपेक्षित वर्ष १७६१. हिरवी खूण लाल झाली. इतक्या दिवसांनी चाचणी प्रथमच खरे बोलली होती. मग सूत्र दोन भागांत विभागले. महाराजांचे निधन, पानिपत, उदगीरची फेब्रुवारी १७६० मधील लढाई अशा सांध्याअलीकडच्या तारखा मुद्दाम चाचण्यांत घातल्या. शकासाठीही तसेच केले. माझ्या टिपणातील मृगापूर्वीच्या प्रत्येक पत्राचा सन मी पुन्हा जंत्रीशी ताडून पाहिला. निबंधातील एक संपूर्ण परिच्छेद मला रद्द करावा लागला, कारण त्यातील कार्यकारणभावच उलट्या क्रमावर उभा होता.

२०/ आता लिंटरची मर्यादाही ध्यानी घ्यावी. सूत्र चुकले आहे हे लिंटरने सांगितले नाही. ते त्याला कळत नाही. ‘येथे कोणी प्रश्नच विचारलेला नाही’ एवढेच त्याने सांगितले. मी तेथे १७६१ ऐवजी चुकून १७६० लिहिले असते, तर लिंटर तृप्त, चाचणी हिरवी आणि इतिहास चुकीचा, अशी स्थिती झाली असती. घाट निर्दोष असणे आणि मजकूर खरा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

२१/ इतिहासकार हे फार पूर्वीपासून जाणतात. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद पुढे येत, आणि कसलेला बनावटकार मायना नि शेवट अचूक साधतो. १४४० साली लोरेंझो वाल्ला याने ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ बनावट ठरवले, ते त्यातील लॅटिन भाषा त्या सम्राटाच्या काळाशी जुळत नाही हे दाखवून. १६८१ साली फ्रान्समध्ये झाँ माबियाँ याने सनदांची लिपी, शिक्के, तारखा आणि शब्दयोजना यांवरून त्यांची पारख कशी करावी, याचे शास्त्र मांडले. घाटाची परीक्षा हे पहिले दार आहे. त्यापुढे मजकूर, संदर्भ आणि इतर साधनांशी ताळा, ही दारे ओलांडावीच लागतात.

२२/ दुसरी मर्यादा त्याहून नाजूक. अनेक लिंटर चुका स्वतःच दुरुस्त करू शकतात. चाचण्यांतील मोकळ्या जागा, नावे, क्रम यांसाठी ते उत्तम. पण मूळ पत्राचा मजकूर ज्या फायलींत आहे, त्यांना ही स्वयंदुरुस्ती कधीही लागू देऊ नये. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नसे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ चे आणि आणखी चार १९७२ चे. ते अठराव्या शतकातील कारकुनावर लादणे म्हणजे पुरावा पुसणे होय. एकरूपता आपल्या तपासणीत असावी. साधन जसे आहे तसेच राहू द्यावे.

२३/ आपणही घरची, गावची वा आवडीच्या विषयाची सूची करीत असाल, तर चार गोष्टी सांगते. एक, नोंदीचा एकच साचा ठरवा : मूळ सन जसाच्या तसा, रूपांतरित सन वेगळ्या रकान्यात. दोन, तपासणीसाठी वर्षाच्या सांध्याजवळच्या, आधीच ठाऊक असलेल्या तारखा घ्या. तीन, प्रत्येक तपासणी एकदा तरी मुद्दाम चुकवून पाहा; जी चुकू शकत नाही, ती तपासणीच नव्हे. चार, नियम थोडे ठेवा आणि प्रत्येकाचे कारण शेजारी लिहा. कारण विसरलेला नियम पुढील माणूस एक तर मोडतो, नाही तर त्याची पूजा करतो.

२४/ आमच्याकडे आता लिंटरची परवानगी मिळाल्यावाचून कोणतीही नवी चाचणी सूचीत दाखल होत नाही. मित्राने त्या पायरीला ‘सचिव’ असे नाव दिले आहे. परवा या सचिवाने माझ्याच एका चाचणीस दारातून परत पाठवले. पडताळणीची ओळ पुन्हा राहिली होती. या वेळी पत्र होते मार्च महिन्यातले.

२५/ आपल्या वाचनात शुहूर सनाच्या वा शकाच्या रूपांतरात एका वर्षाची गफलत झालेले उदाहरण आले आहे का? मूळ तिथी आणि आपण काढलेला सन, दोन्ही प्रतिसादात लिहा. महिना मृगापूर्वीचा की नंतरचा, हे तेवढे आधी पाहा. इति लेखनसीमा. #मराठी #इतिहास #मोडी